पिवळ्या विमानाचा डावा पाय

१

पिवळ्या विमानाचा पाय मोडला तेव्हा मी हवामानाच्या खोपटात वाऱ्याचा वेग टिपत होतो. वारा म्हणण्यासारखा नव्हताच. दोब्रुजाच्या सपाटीवर मार्चात असा दिवस क्वचित मिळतो, आणि अपघात नेमका असल्याच दिवशी व्हावा म्हणजे वाऱ्यावर खापर फोडायचीही सोय नाही.

आमचा वैमानिक स्विलेन फवारणीच्या नळ्या तपासायला वर गेला होता. विमान उतरायला वळलं, हँगरचा प्रमुख ओग्न्यान ताशेव दोन्ही हात हलवत धावपट्टीकडे पळाला, आणि मग सगळं एकदमच झालं. चाकं टेकली, विमान थोडं धावलं आणि डावीकडे बसलं. पंख मातीत घुसला, विमान गरकन फिरलं आणि आडवं होऊन थांबलं. स्विलेनला बाहेर काढलं तेव्हा तो शुद्धीत होता आणि आम्हाला शिव्या देत होता. त्याची कंबर आणि मांडी, दोन्ही मोडली होती. वार्नाच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, जगेल. चालेल का, ते आत्ताच विचारू नका.

मोडलेला पाय कामाच्या टेबलावर आणून ठेवला. पाय म्हणजे चाक धरणारा तो जाडजूड पोलादी दांडा. मोडलेल्या तोंडाचा अर्धा भाग नव्या नाण्यासारखा चकचकीत होता, अर्धा काळपट आणि गंजका. मला विमानातलं फारसं कळत नाही, पण एवढं कळलं की काळपट भागातली चीर जुनी होती. ती महिनोन् महिने तिथे होती.

आणि इथेच रांगेल गोत्यात आला. इतक्या वेळा विमान उतरलं की पाय काढून त्याला तडे आहेत का ते बघायचं, हा नियम आहे. त्यात सूट नाही. पिवळ्याचा डावा पाय फेब्रुवारीत रांगेलनं तपासला होता आणि तडा नाही म्हणून सही केली होती. तो आमचा सगळ्यात जुना मेकॅनिक. शिवाय स्विलेन त्याचा जावई. आता लायसन्स जाणार होतं, खटला होणार होता. ते त्यानं सोसलंही असतं. पण दवाखान्याच्या दारात त्याची मुलगी रालित्सा त्याला म्हणाली, "बाबा, तुम्ही इथे येत जाऊ नका." तेव्हापासून तो माणूस वाळत चालला होता. विचारलं की एकच उत्तर द्यायचा: "मी तपासला होता. तडा नव्हता."

कुणी वाद घालत नसे. पाय टेबलावरच होता.

२

सोफियाहून तपासाला आल्या त्या इंजिनिअर नेद्याल्का काराजोवा. साठीच्या, बुटक्या, पायात शेतावरचे रबरी बूट. त्यांना इकडे तिकडे न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण आकाशाकडे बघायला पगार लागतो हे आमच्या मालकाला अजून पटलेलं नाही.

गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी विचारलं, "कँटीनमध्ये काय आहे?"

"ईस्टरआधीच्या उपवासाचंच. घेवड्याचं सूप आणि मुरवलेल्या मिरच्या."

"मग आधी जेवू या, स्पास. पाय काही पळून जात नाही."

जेवून हँगरमध्ये गेलो. पिवळ्याचे अवशेष बाहेर होते. आत दोन विमानं उभी होती. एक हिरवं. दुसरं निळं, नव्या रंगात घमघमणारं. ते ऑलिव्हच्या फवारणीसाठी ग्रीसला भाड्यानं जायचं होतं, आणि ग्रीकांचा तपासनीस दुसऱ्या दिवशी यायचा होता. निळ्याच्या डाव्या पायाला लाल-पांढऱ्या लोकरीची मार्तेनित्सा बांधलेली होती. एक मार्चला आमच्या स्टोअरची स्तोयना सगळ्यांच्या मनगटांना आणि सगळ्या विमानांच्या डाव्या पायांना ती बांधते. पहिला करकोचा दिसेपर्यंत काढायची नाही, नाहीतर वर्ष वाईट जातं म्हणतात. दिसला की सोडायची आणि मोहोरलेल्या झाडाला बांधायची. दर वर्षी कुणीतरी हसतं आणि दर वर्षी सगळे हात पुढे करतात.

टेबलावरच्या मोडक्या पायालाही मार्तेनित्सा होती. वरच्या कड्याखाली, ग्रीसनं माखलेली.

"हा धागा मला हवा," नेद्याल्काबाई म्हणाल्या.

ओग्न्यान शेजारीच उभा होता. त्याच्या छातीच्या खिशात तार कापायची पकड नेहमी असते. "घ्या की! बायकी खूळ आहे सगळं. विमानाला लोकर बांधून काय होतंय? बघितलंत ना, काय झालं ते," असं म्हणत तो खाली वाकला आणि नखांनी गाठ सोडवू लागला. गाठ चिकट झाली होती. चांगला वेळ लागला. अखंड धागा त्यानं बाईंच्या तळहातावर ठेवला, आणि त्यांनी तो पाकिटात घातला.

"सुबक काम झालं," त्या म्हणाल्या. "रांगेलबद्दल काय वाटतं तुम्हाला?"

ओग्न्यानचा आवाज उतरला. "दोस्त आहे माझा, बाई. एकत्र शिकलो. पण वय झालंय त्याचं. एखाद्या दिवशी माणूस विसरतो. त्याला तुरुंगात नका घालू म्हणजे झालं."

मला त्या वेळी ओग्न्यानचा आदर वाटला होता.

३

दुसरा मेकॅनिक बोरिमिर चाळिशीचा आहे आणि त्याची जीभ कायम तिखट. हिरवं विमान त्याच्या ताब्यात.

"रांगेलकाका नेहमी सांगायचे, 'पोरा, या हँगरात तडा फक्त मला दिसतो.' आता दिसला ना सगळ्यांनाच," तो म्हणाला.

"तुमच्या हिरव्याला धागा नाही तो?" नेद्याल्काबाईंनी विचारलं.

"मला करकोचा दिसला ना! तोदोरोव्दनच्या सणाआधीच, नदीकाठी. आलो आणि पकडीनं कापून टाकला, माझा पण आणि विमानाचा पण. झाडाला बांधलाही नाही. स्तोयनाताई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. मला स्टोअरमधून स्क्रू पाहिजे असला तर या स्पासला पाठवतो."

"तोदोरोव्दनला घोड्यांच्या शर्यती बघायला गेला होता?"

"नाही. दाढ ठणकत होती. घरीच पडून होतो."

"साक्षीला कोण?"

"दाढ," बोरिमिर म्हणाला आणि तोंड उघडून दाखवू लागला. बाईंनी चष्मा लावून खरंच बघितलं.

स्तोयनाचं स्टोअर म्हणजे किल्ल्या, डबे आणि तक्रारी. तिनं खुर्ची पुसून दिली.

"तोदोरोव्दनला अख्खं विमानतळ गावात होतं, बाई. आमचा स्विलेन घोड्यावर होता ना! रांगेलनं तर ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. मी नालाच्या आकाराचे पाव वाटत होते. नव्हते ते दोघंच, बोरिमिर आणि ओग्न्यान."

"म्हणजे हँगर रिकामं होतं."

"कुत्रं होतं."

नेद्याल्काबाईंनी पाकिटातला धागा दाखवला. स्तोयनानं तो नाकाशी नेऊन बघितला. "लोकर माझीच. पीळही माझाच. या धाग्यावर गाठ कसली होती?"

मी सांगितलं, एकावर एक, तिहेरी, ओली करून ओढल्यासारखी घट्ट.

"मग ती माझी नव्हे. मी सरकती गाठ मारते. करकोचा दिसला की टोक ओढायचं, सुटली. माणसाला नखं मोडायला कशाला लावायचं?"

"समजा, कुणाकडून तुमची मार्तेनित्सा तुटली, तर?"

"तर माझ्याकडे यायचं! डबाभर पडल्यात. शिव्या दिल्या असत्या, पण दुसरी दिली असती."

बाईंनी तिच्याकडून स्वतःसाठी एक मार्तेनित्सा बांधून घेतली आणि बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "आता तुमच्या रांगेलकडे चला." मला वाटलं होतं, त्याच्याकडे सगळ्यात आधी जातील.

४

रांगेल टेबलापाशीच बसला होता. तपासणी कशी केली ते त्यानं न अडखळता सांगितलं, पाठ केलेलं सांगावं तसं नाही, केलेलं सांगावं तसं. पायावरचा रंग खरवडला. चमकणारं पातळ द्रव लावलं. ते केसाएवढ्या फटीतही उतरतं. मग पुसलं, पांढरी पूड मारली, अंधाऱ्या खोलीत नेऊन जांभळा दिवा धरला.

"तडा असता तर त्यातलं द्रव वर येऊन हिरवी रेघ पेटली असती. नव्हती पेटली."

"ते द्रव किती दिवस राहतं?"

"फटीत गेलं की जन्मभर. कितीही धुवा. सांध्यांतून तर आठवडे आठवडे पाझरत राहतं."

"म्हणजे हा पाय तुम्ही तपासला असेल तर आजही दिव्याखाली दिसेल."

रांगेल उठून उभा राहिला. कित्येक दिवसांत त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रक्त आलेलं मी पाहिलं. "दिसणारच! चला, दाखवतो. हे मला आधी का नाही सुचलं?"

पाय अंधाऱ्या खोलीत नेला. ओग्न्यान आला, बोरिमिर आला. दार लावलं, जांभळा दिवा लागला. रांगेलनं तो स्वतःच्या हातानं मोडलेल्या तोंडावर धरला. मग कड्याच्या सांध्यावर. मग वरपासून खालपर्यंत. मग परत वर.

काही पेटलं नाही. एक ठिपकासुद्धा नाही.

"रांगेल," अंधारात ओग्न्यान हळूच म्हणाला, "पुरे आता. ठेव तो दिवा."

या पायाला ते द्रव कधी लागलंच नव्हतं, आणि हे रांगेलनं स्वतःच्याच तोंडानं आणि स्वतःच्याच हातानं सिद्ध करून दिलं होतं. त्यानं दिवा माझ्याकडे दिला आणि दार उघडून निघून गेला. मला त्याच्यासाठी फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. इतके दिवस मी त्याच्यावर विश्वास ठेवायची धडपड करत होतो.

बाकीचे गेल्यावर नेद्याल्काबाई म्हणाल्या, "दार परत लावा, स्पास."

त्यांनी पाकिटातला धागा काढून दिव्याखाली धरला. पांढरी लोकर जरा निळसर दिसली, लाल लोकर काळी. मग त्यांनी धागा उलटा केला. पायाला चिकटून बसलेल्या आतल्या बाजूनं एक हिरवी रेघ पेटली, काजव्यासारखी.

५

त्याच दिवशी उतरत्या दुपारी सगळ्यांना निळ्या विमानापाशी बोलावलं. नेद्याल्काबाई चाकावर एक हात ठेवून उभ्या होत्या.

"धाग्याला द्रव लागलंय," त्यांनी सांगितलं. "पायाला लागलेलं नाही. आता धागा काही उडत आला नाही. एक मार्चला स्तोयनानं तो ज्या पायाला बांधला, तो पाय तपासलेला होता. त्याच्या कड्यातून द्रव पाझरत राहिलं आणि लोकरीनं ते शोषून घेतलं. नंतर कुणीतरी तो पाय काढला, दुसरा, कधीच न तपासलेला पाय तिथे बसवला, नंबराची पट्टी बदलली, आणि धागा या पायावरून त्या पायावर नेला. रांगेलनं त्याचं काम केलं होतं."

रांगेल ऐकत होता, पण त्याला समजलं आहे असं दिसत नव्हतं.

ओग्न्यान म्हणाला, "बाई, रांगेलचे हात सदा त्या द्रवानं बरबटलेले. लागलं असेल हातानं."

"हातानं लागलं असतं तर बाहेरून लागलं असतं. फक्त आतून, सरळ रेघेत कसं लागेल? पण तुमचंही बरोबर. एका धाग्यावर माणसाला सोडू नये. बोरिमिर, ती ताडपत्री टाका."

निळ्याच्या डाव्या पायावर ताडपत्री टाकून आत अंधार केला. मी दिवा धरला. वरच्या कड्याच्या सांध्यात नव्या रंगाखालून हिरवं पाझरत होतं.

"रांगेलकाका, निळं तुम्ही कधी तपासलंत?" बोरिमिरनं विचारलं. आता त्याच्या आवाजात तिखटपणा नव्हता.

"नाही तपासलं. ओग्न्यान म्हणाला, त्याची मुदत अजून आहे."

"मुदत संपली होती," नेद्याल्काबाई म्हणाल्या. "ग्रीकांचा माणूस पाय दिव्याखाली बघणार, म्हणून निळ्याला चांगला पाय हवा होता. अदलाबदल तोदोरोव्दनला झाली. तेव्हा हँगर रिकामं होतं, आणि शर्यतीला दोघंच नव्हते. आता बघा. धागा कापून फेकला असता आणि स्टोअरमधला नवा बांधला असता, तर मला काही कळलं नसतं. ज्यानं हे केलं त्यानं धागा कापला नाही. करकोचा दिसायच्या आधी मार्तेनित्सा कापायला त्याचा हात धजावला नाही. बोरिमिरला करकोचा दिसला होता. तो दोन धागे पकडीनं कापून मोकळाही झाला होता. त्यानं तिसऱ्याचे लाड कशाला केले असते? खिशात पकड असून नखांनी गाठ सोडवणारा माणूस मी इथे एकच पाहिला."

सगळे ओग्न्यानकडे बघायला लागले. त्यानं सदऱ्याची बाही नकळत मनगटावर ओढली. खाली लाल-पांढरं काहीतरी होतं.

"लोकरीवरून माणसाला चोर ठरवता?" तो म्हणाला.

"नाही. स्पास, ओग्न्यान धावपट्टीकडे पळाले तेव्हा पाय मोडला होता का?"

मी 'हो' म्हणणारच होतो. इतके दिवस मी सगळ्यांना कौतुकानं सांगत होतो की स्विलेनला वाचवायला सगळ्यात आधी ओग्न्यान धावला. मी डोळ्यांसमोर पुन्हा ते आणलं. विमान अजून हवेत होतं. ओग्न्यान हात हलवत होता ते मदतीसाठी नव्हे. तो स्विलेनला उतरू नको म्हणून सांगत होता.

"नव्हता मोडला," मी म्हणालो.

ओग्न्यान निळ्याच्या चाकावर बसला. मघापर्यंत त्याचं पोट आणि आवाज दोन्ही भारदस्त होते. आता तो साधा, दमलेला माणूस दिसत होता.

"पिवळं ईस्टरपर्यंत उडणार नव्हतं," तो म्हणाला. "ग्रीक गेला की मी पाय परत बदलणार होतो. मी बाल्चिकला गेलो आणि मालकानं परस्पर फोन करून स्विलेनला वर पाठवलं. आलो तर विमान आकाशात. रांगेल, देवाशपथ सांगतो, तडा आहे हे मला ठाऊक नव्हतं. नुसती मुदत गेली होती. कारखान्यातून नवा पाय यायला उन्हाळा उजाडला असता."

रांगेल त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. मला वाटलं, आता हात उचलणार. त्यानं उचलला नाही. त्याला खरोखरच एक गोष्ट कळत नव्हती, आणि ती त्यानं विचारली.

"अरे, पण नवा पाय कशाला? मला सांगायचंस. निळ्याचा पाय मी तपासून दिला असता. अर्ध्या दिवसाचं काम. तपासून पास झाला असता तर तुला काहीच करावं लागलं नसतं. का नाही विचारलंस मला?"

ओग्न्याननं खाली बघत उत्तर दिलं. "तू तडा शोधून काढला असतास."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. बोरिमिरनं तोंड फिरवलं. नेद्याल्काबाई मला हळूच म्हणाल्या, "पोलिसांना फोन करा."

६

वार्नाला मीच गाडी चालवत गेलो. मागे रांगेल बसला होता, हात मांडीवर ठेवून. दवाखान्याच्या आवारात त्यानं उतरायला नकार दिला.

"तुम्हीच सांगा तिला, बाई. मला येऊ नको म्हणालीय ती."

"मी अपघाताचा निकाल सांगते. घरची बोलणी तुमची तुम्ही करा," बाई म्हणाल्या आणि त्याला दंडाला धरून वर घेऊन गेल्या.

स्विलेन पाठीवर पडून होता, दोन्ही पाय वजनं लावून ताणलेले. उशाशी रालित्सा बसली होती. वडिलांना बघून ती उठली, पण बाईंनी तिला खाली बसवलं आणि थोडक्यात सगळं सांगितलं: कोणता पाय, कुणी बदलला, का बदलला. रांगेल दाराच्या चौकटीत टोपी हातात धरून उभा होता. आत यायची त्याची हिंमत नव्हती.

रालित्सानं नवऱ्याचा हात हलवला. "ऐकलंस का? बाबांनी तपासला होता."

"मला ठाऊक आहे," स्विलेन छताकडे बघत म्हणाला. "मी बसलो असतो का नाहीतर त्या विमानात?"

"ठाऊक होतं? मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"तू कुठे विचारलंस?"

रालित्साची मान खाली गेली आणि खांदे हलायला लागले. रांगेल दारातून आत आला.